केंद्रातला एकच मराठी पेपर

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकते, हे आधीच सांगून टाकते. जे कुणी वाचेल त्याने माफ करावे. मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरे आज्जांनी, म्हणजे आजोबांनी, ताटात तांदूळ पसरून बोटाने गिरवून घेतली. अजूनही लिहिताना आधी बोट हलते, मग पेन.

आजवर माफी मागायची गरज नव्हती. या घरात ही अक्षरे वाचणारी मी एकटीच होते. आम्ही घरात मराठी बोलतो, पण आमच्या यांना नागरी अक्षरे म्हणजे देवळातली नक्षी. वही डाळीच्या डब्यामागे ठेवली की झाले. आता घरात दुसरी वाचणारी तयार झाली आहे, आणि ती कशी झाली तेच लिहायचे आहे.

माझी मुलगी पाचवीत होती. तिच्या टीचरनी सांगितले की एक सरकारी निवासी शाळा आहे, सहावीला घेतात, बारावीपर्यंत तिथेच राहायचे, शिकवतात, जेवायला घालतात, फी जवळजवळ नाहीच. फक्त परीक्षा द्यावी लागते, आणि ती एकदाच देता येते, कारण पुढच्या वर्षी वय निघून जाते.

मी पहिल्यांदा हेच विचारले, "एवढे सगळे देतात, तर घेतात काय?"

"पोरगी घेतात," हे म्हणाले. हे तंजावूरजवळ ओरत्तनाडुला सरकारी कचेरीत क्लार्क आहेत, सकाळी आठच्या बसने जातात, त्यामुळे त्यांचे सगळे बोलणे शर्टाची बटणे लावता लावता होते. "आणि काय घेणार? तुझे पितळेचे डबे?"

मुलीला मात्र जायचेच होते. त्या शाळेत दुर्बीण आहे, तिच्यातून शनीचे कडे दिसते, असे टीचरनी सांगितले होते. आमच्या जवळच्या शाळेत सहावीला गणिताला दोन वर्षे कायमचा शिक्षक नव्हता. आणि माझे म्हणाल तर, पोर पाचवीत गेली त्या दिवसापासून ती माझ्या पुढे गेली होती. तिच्या वहीत बघून मी नुसती मान हलवायचे. ती कुठवर जाईल ते मला कळत नव्हते, पण माझ्यासारखी मधेच उतरवली जाऊ नये, एवढे कळत होते.

या परीक्षेचा क्लास एका मास्तरांनी काढला होता, भांड्यांच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून. भिंतीवर आधी निवडल्या गेलेल्या पोरांचे फोटो होते, वर्षावर्षाच्या रांगा लावून. मी सगळे फोटो पाहिले. एकच मुलगी दोन वर्षांच्या रांगांत होती, एकीकडे लाल रिबन, एकीकडे पांढरी. मी यांना कोपराने खुणावले.

"जुळ्या असतील," हे म्हणाले.

फी नऊ हजार. दिवाळीचा अॅडव्हान्स त्यात गेला. मास्तरांनी पावती दिली, तिच्यावर शिक्का उलटा होता.

त्या परीक्षेबद्दल मला जे कळले, त्यातले काहीच मला आवडले नाही. उत्तर लिहायचे नसते. चार उत्तरे तेच देतात, त्यातले एक निवडून दुसऱ्या कागदावर गोल काळा करायचा. तो कागद माणूस तपासत नाही, यंत्र तपासते. मी म्हटले, आपल्या पोरीने एक गोल काळा केला आणि नंतर कुणी शेजारचा पण काळा केला, तर? यंत्राला काय कळणार कुणाचा हात? मास्तर हसले. "अम्मा, देशभर लाखो पोरे बसतात. तुमच्याच पोरीच्या मागे कोण लागणार?" मला ते उत्तर वाटले नाही.

दर रविवारी सराव परीक्षा आणि दर रविवारी नंबर. पहिल्या आठवड्यात माझी पोर अकरावी, दुसऱ्यात सातवी, तिसऱ्यात चौथी. इतक्या सरळ पायऱ्या कुठल्या पोराच्या असतात? पुढच्या महिन्याची फी अजून भरायची असती, तर मी समजू शकले असते. पण फी तर भरून झाली होती. म्हणून मला आणखी संशय आला.

फॉर्म मास्तरांनीच कॉम्प्युटरवर भरला. त्या दिवशी यांना रजा नव्हती, मी एकटी गेले होते. मागे आठ-दहा आईबाप रांगेत. मास्तर पडद्याकडे बघतच विचारत होते, जन्मतारीख, बापाचे नाव, पत्ता. मातृभाषा म्हटल्यावर मी मराठी सांगितले. ते खुर्चीसकट वळले.

"मराठी! अरे, राजे लोक! राजवाडा सोडून माझ्याकडे कशाला आलात अम्मा?"

मागचे सगळे हसले. मी मान खाली घातली. ते आणखी काहीबाही विचारत राहिले आणि फॉर्म संपला. मोबाईल नंबर त्यांनी स्वतःचा घातला. "मेसेज येतात, तुम्हाला कळणार नाहीत. मी आहे ना."

'मी आहे ना' म्हणणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. मी फॉर्मचा छापील कागद मागितला. उद्या देतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात मागितला, शाई संपली होती. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा म्हणाले, "अम्मा, तो कागद घेऊन पूजा करणार आहात का?" माझी खात्री झाली की मास्तरांनी फॉर्म भरलेलाच नाही. घरी येऊन यांच्या इतके मागे लागले की शेवटी हे ऑफिसातून येताना बस स्टँडवरून उलटे फिरून तिकडे गेले आणि कागद घेऊन आले.

"घे. भरलेला आहे. आता तरी जेवायला वाढ."

मी वाढले, पण मुलीला म्हटले, यातली एकेक इंग्रजी ओळ मला वाचून दाखव. तिने वाचले. नाव बरोबर. तारीख बरोबर. मग ती थांबली आणि हसली. "अम्मा, इथे बघ ना. परीक्षेची भाषा, मराठी."

यांचा घास हातात राहिला.

मुलगी मराठी बोलते ती कामापुरती. मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते, आमच्याकडे सगळ्या घरांत असेच आहे. आणि नागरीचे एक अक्षर तिला येत नव्हते. शाळेत तमिळ आणि इंग्रजी, बस. त्या परीक्षेत पेपर एकाच भाषेत छापून येतो, जी फॉर्मात असेल तीच.

यांनी तिथूनच मास्तरांना फोन लावला.

"सार, मराठी कुणी घातले?"

"तुमच्या मिसेसनी सांगितले. घरची भाषा मराठी ना?"

"घरची भाषा सांगितली हो! तिने पेपर कुठे मराठीत मागितला? तंजावूरात कोण मागतो?"

"म्हणून तर मला पण नवल वाटले, सार."

"मग दुरुस्त करा."

दुरुस्तीची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. मेसेज मास्तरांच्याच मोबाईलवर आला होता. पहिल्यांदा मागितला तेव्हा कागद दिला असता, तर पुरते दहा दिवस हातात होते.

यांनी अर्ज पाठवला, फोन केले. फोनवर एक बाई आधी इंग्रजीत, मग हिंदीत आकडे दाबायला सांगायची आणि मग गाणे लागायचे. तीन दिवसांनी हे म्हणाले, "सोडून देऊ. आपल्या नशिबात दुर्बीण नाही."

मुलगी तिण्णैवर बसली होती, दाराबाहेरच्या ओट्यावर, आणि चपलेच्या टोकाने सकाळचा कोलम, दारातली रांगोळी, पुसत होती. ती यांच्याशी नाही, माझ्याशी बोलली, तमिळमध्येच. "अम्मा, तुला येते ना ते?"

परीक्षेला सात आठवडे होते.

घरात मराठी पुस्तक एकही नव्हते. होती ती आज्जांची श्राद्धाची वही. कुणाची तिथी कधी, जेवायला किती ब्राह्मण, कुठली भाजी वर्ज्य, असे दोनेकशे वर्षांचे लिहिलेले. आधी मोडीत होते, ते आज्जांनी नागरीत उतरवले, आणि ते वाचता यावे म्हणूनच मला अक्षरे शिकवली, कारण त्यांच्या मुलांपैकी कुणी शिकायला तयार नव्हते. त्याच वहीवर मी पोरीला शिकवले. आधी ताटात तांदूळ, मग वही. तिने स्वतः वाचलेली पहिली ओळ, 'काकूंची तिथी माघ वद्य नवमी, वांगे नको.'

आठ दिवसांनी ती म्हणाली, "अम्मा, यात सगळे मेलेलेच आहेत. जिवंत माणसांचे काही नाही का?"

म्हणून मी पुण्याच्या मावसबहिणीला फोन केला. माझ्याने कुणाला फोन होत नाही, तिला तर लग्नकार्यातच दोनदा पाहिलेले. पाचवीच्या गणिताच्या पुस्तकाचे फोटो पाठवशील का, असे विचारले. पलीकडे कुणीतरी हसल्याचे ऐकू आले.

"अगं, तुला नाही हसत. मुले म्हणतात, मावशी नाटकातल्यासारखे बोलते. 'पाठवशील तर उपकार होतील' असे आता इथे कुणी म्हणत नाही गं."

"मग काय म्हणतात?"

"'पाठव ना' म्हणतात."

फोन ठेवल्यावर मला वाटले, ही आता माझा आवाज सगळ्या नातेवाइकांना ऐकवणार. ऐकवलाही असेल. पण फोटो रोज संध्याकाळी आले, एकही दिवस चुकला नाही, आणि ती ते का पाठवते आहे याचा विचार मी बरेच दिवस करत होते.

त्या फोटोंतली मराठी माझी मराठी नव्हती. लसावि म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. परिमिती, अंशाधिक, विषम संख्या. मग आम्ही असे केले. हे सहाच्या बसने आले की आम्ही तिघे खाली बसायचो. उदाहरणातली अक्षरे मी वाचायची, गणित बघून हे तमिळमध्ये सांगायचे की हे अमुक आहे, मग मी त्याचे मराठी नाव मोठ्याने म्हणायचे आणि मुलगी लिहायची. यांना वाचता येईना, मला गणित येईना, आणि परीक्षेला बसायचे तिसऱ्याच माणसाने.

"आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा," हे म्हणाले.

"आणि मी कोण?" मुलीने विचारले.

"तू वरची टोपली."

सगळ्यात घात केला तो आकड्यांनी. अक्षरे तिने पटकन उचलली, पण आपला १ तिला इंग्रजी नऊ वाटायचा. घाईत असली की हमखास. एकशे एकवीसचे नऊशे एकोणतीस व्हायचे. मी दारावर, पाण्याच्या घागरीवर, कॅलेंडरच्या मागे, सगळीकडे खडूने १ लिहून ठेवले. शेजारच्या मामींनी विचारले, हे कसले व्रत? मी म्हटले, आहे एक.

क्लासला ती त्या सात आठवड्यांत गेली नाही. मास्तरांनी एकदाही विचारले नाही. मी त्याची वाट पाहत होते, म्हणून मला नक्की माहीत आहे.

परीक्षेचे केंद्र तिरुचीला होते. गेटवर यादी घेऊन बसलेल्या बाईंनी मुलीचे नाव शोधले आणि चष्मा वर केला. "मराठी? तुम्ही उत्तरेकडून बदली होऊन आलात का?"

"नाही, तंजावूर," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"तीनशे वर्षे होतील."

त्या बाई हसल्या नाहीत. आतून एका सारना बोलावून हळू काही विचारले आणि मग म्हणाल्या, या केंद्रात मराठीचा एकच पेपर आला आहे, वेगळ्या पाकिटात. एकच पेपर म्हणजे तो कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक. लाखोंमध्ये तुमच्याच पोरीच्या मागे कोण लागणार, असे मास्तर म्हणाले होते. आता ती लाखोंमध्ये नव्हतीच. अडीच तास मी कडुनिंबाखाली उभी होते. हे खाली बसून सुंदल खात होते आणि अधूनमधून चण्यांचा द्रोण माझ्याकडे करत होते.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याला शाई होती.

"पाकीट नीट बंद होते का?" मी विचारले.

"हो. माझ्यासमोर फोडले. सारनी उलटा धरला होता पेपर. मी सरळ करून दिला."

"आणि आकडे?"

"नागरी. एका गणितात मी एकचा नऊ वाचला. मग माझे उत्तर चारांत सापडेना. तेव्हा कळले."

चार उत्तरे तेच देतात, यावर मी इतका संशय घेतला होता.

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. मी देवासमोरचा दिवा लावला. तीन आठवड्यांनी दुसरी यादी लागली, त्यात होते. मी विचारले, "दुसऱ्या यादीत का? पहिल्या वेळी कुठे होते?"

"पहिल्यात नाही म्हणून संशय, दुसऱ्यात आहे म्हणून संशय," हे म्हणाले. "तिसरी काढायला सांगू का त्यांना?" पण त्यांचे डोळे भरले होते, आणि कागद तर ते खरेच उलटा धरून वाचत होते.

जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन तिला सोडून आलो. पंधरा दिवसांनी भांड्यांच्या दुकानावर मोठे फ्लेक्स लागले. माझी मुलगी, फॉर्मावरच्याच फोटोत, बादलीएवढ्या तोंडाची. खाली लिहिले होते, आमच्या खास शिकवणीने निवड. भाजी घेऊन येताना मी ते पाहिले. वाचून घ्यायला बरोबर कुणी नव्हते, पण तमिळ मला वाचता येते, एवढे चौथीत शिकवतात.

आज्जा सांगायचे, पूर्वी आपल्या लोकांत धरणे धरायची रीत होती. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या दारात जाऊन बसायचे. भांडायचे नाही, मागायचे नाही, जेवायचे नाही. बसणारा उठत नाही तोवर घरधन्यालाही घास घेता यायचा नाही. लहानपणी मला वाटायचे, ही बोलता न येणाऱ्या माणसांसाठी काढलेली रीत असणार.

पुढच्या शनिवारी, नव्या पोरांची नावे घालायच्या दिवशी, मी मंजपैत, आपल्या पिवळ्या कापडी पिशवीत, फॉर्मचा कागद आणि उलट्या शिक्क्याची पावती घातली आणि त्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसले. मधल्या पायरीवर, कडेला, लोकांना जायला जागा ठेवून.

मास्तर खाली आले. "अम्मा, इथे का? वर या, खुर्चीवर बसा. कॉफी सांगतो."

"नको सार. इथे वारा आहे."

"काही काम होते का?"

"फी परत हवी होती." मी हे पायरीकडे बघत बोलले, पण बोलले.

"परत? अहो, मुलगी यादीत लागली ना तुमची!"

"लागली म्हणून मागायला आले. लागली नसती तर जिना चढायची लाज वाटली असती."

ते वर निघून गेले. एक बाई पोरीला घेऊन चढत होती, तिने मला विचारले, "काय अक्का, इथे चांगले शिकवतात का?" मी वर फ्लेक्सकडे बोट दाखवले. "ती माझी पोर." आणि कागद काढून तिच्या हातात दिला. तिने 'परीक्षेची भाषा' वाचले, पुन्हा वाचले, फ्लेक्सकडे पाहिले. "मराठी इथे कोण शिकवतो?" मी म्हटले, "कुणी नाही." ती पोरीचा हात धरून खाली उतरली. मी तिला उतर म्हटले नव्हते.

दुपारी मास्तरांनी जेवणाचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग बंद केल्याचा. तीन वाजता ते तीन हजार घेऊन आले. बाकीचे पुढच्या महिन्यात, म्हणाले. मी नोटा उन्हाकडे धरून पाहिल्या. "खऱ्या आहेत अम्मा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मास्तरासारखा नव्हता. दुसऱ्या महिन्यात मी गेले तेव्हा पायरीवर कुणीतरी वर्तमानपत्र पसरून ठेवले होते, माझ्या बसण्यासाठी. त्या दिवशीही तीन हजारच मिळाले.

मुलीची पत्रे येतात. तिथे पत्र आधी ऑफिसात वाचतात, म्हणून ती नागरीत लिहिते. इडली कडक असते. दुर्बिणीला कुलूप आहे, पण पौर्णिमेनंतर उघडणार आहेत. मी प्रत्येक पत्राचे पाकीट उजेडात धरून बघते, डिंक दोनदा लावलेला आहे का. अजून तरी नाही.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. फॉर्म भरला त्या दिवशी, राजे लोक म्हणून सगळे हसल्यावर, मास्तरांनी मला विचारले होते, "मग पेपर पण मराठीतच घालू का अम्मा? यादीत आहे." मला वाटले, अजून चेष्टाच चालली आहे. लवकर संपावे, मागच्यांनी बघायचे थांबवावे, म्हणून मी मान हलवली. खाली बघतच, पण हो म्हणून हलवली. त्यांनी माझ्या मानेवर विश्वास ठेवला. हे मी यांना सांगितले नाही, मास्तरांनीही सांगितले नाही. कदाचित त्यांना आठवत नसेल. कदाचित आठवत असेल आणि बाईमाणसाला नवऱ्यासमोर उघडे पाडू नये म्हणून गप्प राहिले असतील. त्यांच्याबद्दल मी चांगले असे एवढेच धरू शकते, आणि तेही नक्की नाही. पोरी, तू हे वाचशील तेव्हा तुला ठाऊक असावे.

काल तिसऱ्या महिन्यातला शनिवार, माझी तिसरी खेप. मी जिन्याशी पोचले तेव्हा मास्तर पायरीवरच उभे होते, पाकीट हातात घेऊन. फ्लेक्स उतरवले होते, त्याच्या जागी दोऱ्या लोंबत होत्या. मी पायरीवर बसले, पैसे मोजले, पुन्हा मोजले. मनात आले की अर्धी चूक माझी होती, अर्धे परत द्यावेत. नोटा दोन्ही हातांत थोडा वेळ तशाच राहिल्या. मग मला ते दहा दिवस आठवले, आणि दारावरचे, घागरीवरचे, कॅलेंडरवरचे ते सगळे १.

"बरोबर आहेत ना अम्मा?"

"बरोबर आहेत सार," मी म्हटले. "नऊ हजार पूर्ण झाले." आणि पाकीट मंजपैत घातले.